पंचकात उघडं पडलेलं घर

रंगराव भित्रे होते असं उंद्रीत कोणी म्हणणार नाही. विहिरीत दोर सोडून गाळ काढायला उतरणारा आणि वांग्याच्या वाफ्यात निघालेला साप काठीवर उचलून बांधापलीकडं सोडणारा तो माणूस. पण कॅलेंडरात ‘पंचक प्रारंभ’ अशी बारीक अक्षरं दिसली की त्यांचं तोंड उतरायचं. दर महिन्याला येणारे ते पाच दिवस ते जीव मुठीत धरून काढत. पंचकात लाकूडफाटा गोळा करू नये, खाट विणू नये, आणि घरावर छप्पर तर मुळीच घालू नये, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. गाव ते सोयीनं पाळायचं, रंगराव मात्र तंतोतंत पाळायचे.

त्यांची बायको अन्नपूर्णाबाई जन्मभर त्यांना यावरून चिडवत आली. मेथीच्या जुड्या बांधता बांधता विचारायची, “पंचकात भूक तरी लागते का हो तुम्हाले? का तेही बंद?” रंगराव हसत नसत. लेकीच्या, समीक्षाच्या लग्नातली खाट पंचक लागलं म्हणून त्यांनी सुताराकडंच पडू दिली होती. पाहुणे सतरंजीवर झोपले आणि व्याह्यांनी तोंड वाकडं केलं, तरी खाट घरात आली नाही.

त्यांना हसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की या भीतीला कारण होतं. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साली पाऊस तोंडावर आला आणि त्यांच्या घराच्या धाब्याचा एक सरा मोडला. सरा म्हणजे छताची माती पेलणारं आडवं लाकूड. रंगरावांचे मोठे बाबा, म्हणजे थोरले चुलते, घरातले कर्ते, त्यांनी पंचकातच नवा सरा चढवला. भटजींना विचारून, कामावरच्या माणसांना शिरा खाऊ घालून, सगळं रीतसर केलं. पंचकाचा दोष पाच जीव घेतो म्हणतात, आणि त्या वर्षात घरातली पाच माणसं गेली. पहिले गेले मोठे बाबाच आणि शेवटची गेली रंगरावांची आई. रंगराव तेव्हा पाटी-पेन्सिलच्या वयाचे होते. त्या साली अर्ध्या गावाला हगवण लागली होती आणि दुसऱ्यांच्या घरातलीही माणसं गेली होती, हे त्यांना कोणी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. आईचा गार पडलेला पाय ज्यानं हातात धरला आहे त्याला हगवणीचं कारण पुरत नाही.

घर तेच होतं, दोन खोल्यांचं, जाड मातीच्या भिंतींचं. वर धाबं, म्हणजे सागाचे सरे, त्यांवर काड्या आणि पळसाचा पाला, आणि त्यावर माती. दर उन्हाळ्यात पांढरी माती आणून वर पसरायची, की पावसाळ्यात पाणी आत उतरत नाही. आजानं पसरली, बापानं पसरली, रंगरावांनीही पसरली. नवी टाकण्याआधी जुनी खरवडून काढावी हे तीन पिढ्यांत एकालाही सुचलं नाही. माती वाढत गेली आणि सरे होते तेच राहिले. मागच्या दिवाळीत अन्नपूर्णाबाई पीठ मळत बसली असताना डोक्यावर कडाड आवाज झाला आणि परातीत ढेकळं पडली. मधला सरा चिरला होता. रंगरावांनी बाभळीचा टेकू दिला आणि हिवाळाभर दोघं त्या टेकूकडं बघत जेवली.

रामराव मिस्त्री येऊन बघून गेले. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. त्यांनी सऱ्यात खिळा खुपसला तर तो लोण्यात शिरावा तसा शिरला.

“रंगुभाऊ, आता टिनच टाका,” ते म्हणाले. “पण माहं ऐका. टिन दारात येऊन पडल्याबिगर धाब्याले हात लावायचा नाही. आन दोन्ही खोल्या एकदम उघडायच्या नाहीत. एक झाकायची, मंग दुसरी उघडायची. मातीची भित हाये. वरून पाणी लागलं तं उभी राहणार नाही.”

रंगरावांनी मान हलवली आणि आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाल्यावर काम धरायचं ठरलं. मग त्यांनी कॅलेंडर पाहिलं. एकेक खोली करत बसलं तर दुसरी खोली उघडी असतानाच पंचक लागत होतं. त्यांनी मनाशी हिशेब घातला की दोन्ही खोल्या एकदम उघडल्या तर सगळं पंचक लागायच्या आत आटोपतं. पुढं जे काही झालं ते या हिशेबामुळं झालं. ज्या पंचकाला टाळायला गेले त्याच्याच दारात जाऊन उभे राहिले बिचारे.

रामरावांचं न ऐकता, टिन यायची वाटही न बघता, भाऊबंदांची पोरं धाब्यावर चढली आणि माती निघू लागली. निघता निघता संपेना. ट्रॉली भरायची, रिकामी व्हायची, पुन्हा भरायची. आजाच्या काळातली खापरं निघाली, मुंग्यांची वारुळं निघाली, आणि माती तरी शिल्लकच. मग भिंतींची डोकी विटा-सिमेंटनं सारखी करून त्यावर लोखंडी पाइप बसवले. टिन यायचं होतं, पण लग्नसराईत टेम्पो कुठला मिळायला. शेवटी ज्या दिवशी अंगणात टिनाची चळत उतरली, त्याच दिवशी दुपारी पंचक लागलं.

“उद्या सकाळी चढवतो,” रामराव हात झटकत म्हणाले. “दुपारून तुम्ही मोकळे.”

“आता पाच दिवस थांबा,” रंगराव म्हणाले.

रामरावांनी आधी त्यांच्याकडं आणि मग अन्नपूर्णाबाईकडं पाहिलं. तिनं कपाळाला हात लावला.

“घर उघडं हाये, भाऊ,” रामराव म्हणाले. “अवकाळीचे दिवस हायेत. मोबाइलवर रोज येऊन राह्यलं.”

“थांबा म्हटलं ना.”

अन्नपूर्णाबाईनं चिखलीच्या भटजींना फोन लावून नवऱ्याच्या कानाला धरला. भटजींनी सांगितलं, अडचण असेल तर कामावरच्या माणसांना आधी गोडधोड खाऊ घाला आणि मग छप्पर घाला, दोष लागत नाही. रंगरावांनी फोन परत दिला.

“मोठ्या बाबानं शिरा खाऊ घातला होता,” ते एवढंच बोलले आणि अंगणात कडुनिंबाखाली जाऊन बसले. त्यानंतर तिनं हसणं, रागावणं, रडणं, सगळं करून पाहिलं. ढिम्म हलले नाहीत.

संसार कडुनिंबाखाली ताडपत्री बांधून आला होता. धान्याच्या कोठ्या आणि देव शेजाऱ्यांच्या पडवीत होते. आणि घर उघडं होतं, वरचे पाइप आभाळाला दाखवत. रंगरावांनी भिंतींवर प्लास्टिक अंथरून दगड ठेवले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मावळतीकडून वावटळ उठली, प्लास्टिक फाटून शेजारच्या कडब्यात जाऊन पडलं आणि मागोमाग पाऊस आला. फार आला नाही. चहा उकळायला जितका वेळ लागतो तितकाच आला आणि गेला. पण तेवढ्यात मावळतीच्या भिंतीचा कोपरा भिजलेल्या गुळासारखा सुटला आणि वरच्या विटांसकट अंगणात बसला. त्यावरचा पाइप एका टोकानं लोंबू लागला.

रंगराव त्या चिखलापाशी जाऊन उभे राहिले. बापानं पायानं तुडवलेल्या मातीची ती भिंत होती. याच खोलीत समीक्षा जन्मली होती. लग्न होऊन आलेल्या अन्नपूर्णानं पहिल्या दिवाळीत याच भिंतीवर गेरू-चुन्यानं मोर काढले होते. त्यांनी ओली माती उचलून कोपऱ्यावर थापली आणि ती घसरून खाली आली. त्यांनी पुन्हा थापली. अन्नपूर्णाबाई बघत होती. तिला रडू आवरेना. “अवो, अजून एक सर आली तं कायले टिन लावाल? कायवर लावाल?” ती म्हणाली. रंगराव माती थापतच राहिले. एकीकडं भिंती आणि दुसरीकडं ही बाई, आणि दोन्ही राखायला हात एकाच माणसाचे.

फोनवर दुसऱ्या दिवसाचा इशारा आला होता, गडगडाट, वारा, काही ठिकाणी गारा. चौथ्या दिवशी पहाटे रंगरावांनी ठरवलं. घर झाकायचं, आणि आपण एकट्यानंच झाकायचं. मिस्त्रीला बोलवायचं नाही, त्याच्या घरातही लेकरं आहेत. पंचकाला जे न्यायचं असेल ते त्यानं छप्पर घालणाऱ्याकडून न्यावं. पण अन्नपूर्णा या छपराखाली असता कामा नये. तिनं इथून जायला हवं होतं, आणि तेही या घराचा नाद सोडून.

नीट सांगून ती गेली नसती. हसली असती आणि पदर खोचून टिन उचलायला आली असती. ती एकाच गोष्टीनं जाईल हे रंगरावांना माहीत होतं. समीक्षानंतर त्यांना मूल झालं नव्हतं. भावकीतल्या बायांनी त्यावरून अन्नपूर्णाबाईला टोचून टोचून खाल्लं होतं. रंगरावांनी मात्र आयुष्यात एकदाही तो शब्द काढला नव्हता. उलट कोणी काढला तर ते ताटावरून उठून जात. म्हणूनच ती त्या बायांना पुरून उरली होती.

सकाळी ती चहा घेऊन आली. रंगराव तिच्याकडं न बघता बोलले, “तुह्या पायगुणानं या घराले काय मिळालं? एक पोरगा देता आला नाही तुले, आन मले घर कसं वाचवायचं ते शिकवते. जाय, जाय आपल्या लेकीकडं. परत येजो नोको.”

अन्नपूर्णाबाईनं हातातला कप नीट दगडावर ठेवला. मग पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि बसस्टॉपकडं चालू लागली. एकदाही मागं वळून पाहिलं नाही. समीक्षा खामगावला असते, उत्तरेला. पंचकात दक्षिणेला जाऊ नये म्हणतात. तेवढं तरी बरं, असं रंगरावांच्या मनात आलं, आणि आपल्याला आत्ताही हेच सुचतं याची त्यांना किळस आली. बस वळणाआड गेली तेव्हा ते कडुनिंबाला धरून लहान पोरासारखे रडले. आयुष्यभर जपलेलं माणूस स्वतःच्या तोंडानं मारावं लागलं होतं.

मग त्यांनी कामाला हात घातला. सुटलेल्या कोपऱ्यात दगड रचून पाइपाला पाचरी मारल्या. टिनाला दोर बांधायचा, भिंतीवर चढायचं, वरून ओढायचं. जवान दोन माणसांचं ते काम. साठी उलटलेल्या एकट्या माणसाच्या हातात टिन वाऱ्यानं फडफडायचं, दोर तळव्यातून सरकायचा. दोन टिनं अर्ध्यावरून निसटून खाली आपटली आणि एकाची कडा दुमडली. वीज सकाळीच गेली होती, म्हणून मोठा खिळा आणि हातोडा घेऊन ते भोकं पाडू लागले. रामरावांनी शिकवलं होतं की भोक टिनाच्या उंचवट्यावर पाडायचं, नालीत पाडलं की जन्मभर गळतं. टिनावर टिन चढवताना वाऱ्याकडचं वर ठेवायचं, नाहीतर वारा खाली बोट घालून सगळं उपटून नेतो. म्हणून त्यांनी उगवतीकडून सुरुवात केली. वॉशर घालून, हूक आवळून ते पुढं सरकत राहिले.

दुपारी रामराव मिस्त्री रस्त्यानं जाताना थबकले. क्षणभर त्यांना खरं वाटेना. मग ते शिडीला हात घालून म्हणाले, “भाऊ, आलो मी.”

“चढू नोको,” रंगराव वरून म्हणाले. “रामराव, तुह्या लेकरायची आण हाये. एक पायरीही चढू नोको.”

“अन्नपूर्णावहिनी कुठं हाये?”

“नाही ती आता इथं.”

त्यांचा आवाज ऐकून रामराव मागं सरले. ते थोडं पुढं जाऊन भिंतीच्या आडोशाला उभे राहिले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. खामगावात लेकीच्या ओट्यावर पाण्याचा घोटही न घेता बसलेल्या अन्नपूर्णाबाईला त्यांनी एवढंच सांगितलं की रंगुभाऊ एकटेच टिन चढवून राह्यले, पंचकात, आन कोणाले जवळ येऊ देत नाहीत. मग ती म्हणाली, “आलं माह्या ध्यानात.” ती तशीच उठली, ओट्यावरची पिशवीही तिनं उचलली नाही.

शेवटचं टिन मावळतीच्या कोपऱ्यावर बसलं तेव्हा पहिले थेंब टपोरे पडू लागले होते. रंगरावांनी शेवटचा हूक आवळला, उतरले आणि घरात जाऊन आतून कडी लावली. पावसानं टिनावर असा आवाज धरला की स्वतःचा श्वास ऐकू येईना. तळहातांची सालटं निघाली होती. भिंती कोरड्या होत्या. भिंतीला टेकून ते वाट पाहत बसले. कशाची, ते त्यांना नीट ठाऊक होतं. मोठे बाबा काही दिवसांतच गेले होते. आपणही तसंच जावं आणि विषय तिथंच संपावा, दुसऱ्या कोणाचा नंबर लागू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. देवांकडं मागायचं तर देवही शेजारच्या पडवीत होते.

दार वाजलं. आधी त्यांना वाटलं वारा आहे.

“अवो, दार उघडा.”

रंगराव उठले आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले. उघडलं नाही.

“तू काऊन आली? जाय. शेजारी जाय.”

“उघडा म्हणतो ना मी.”

“आत येऊ नोको व. मी छप्पर घातलं. पंचकात घातलं.” त्यांचा आवाज फाटला. “एकटा असलो तं माह्यावरच भागंल. तू या टिनाखाली आली तं तुही गिनती होते. पाया पडतो तुह्या, जाय.”

बाहेर पाऊस कोसळत होता. दाराच्या फटीतून उंबऱ्यावरून पाण्याची एक धार आत आली. रंगरावांना वाटलं ती गेली. मग अगदी दाराला तोंड लावल्यासारखा तिचा आवाज आला.

“सकाळी जे बोललात ते खरं होतं का?”

“नाही,” रंगराव म्हणाले. “नाही व. एक शब्द खरा नव्हता.”

“मंग मी कुठं नाही जात.”

दाराला पाठ घासल्याचा आवाज आला. ती बाहेर उंबऱ्याला टेकून बसली होती. टिनाची वळचण जेमतेम वीतभर, आणि पाऊस तिरपा. ती खोकली. वर गारा वाजू लागल्या, आधी तुरळक आणि मग दाणे ओतल्यासारख्या. रंगराव कडी धरून उभे होते. तिला वाचवायचं म्हणून घराबाहेर काढलं, आणि ती घराबाहेरच गारठून मरायला बसली होती. आता त्यांच्या सगळ्या आयुष्याचा नियम एका कडीवर येऊन ठेपला होता. ती पुन्हा खोकली आणि त्यांनी कडी काढली.

पण तिला आत घेतलं नाही. ते स्वतःच बाहेर गेले आणि तिच्या शेजारी चिखलात बसले. सकाळपासून त्यांनी रक्त आटवून झाकलेलं घर मागं कोरडं ठणठणीत होतं, आणि त्याची धनीण आणि धनी दोघं गारांत. रंगरावांनी आपल्या टॉवेलनं तिचं डोकं झाकलं. तो टॉवेलही पिळून काढावा इतका ओला होता. तिचे दात वाजत होते. तिनं त्यांचे तळहात उलटे करून पाहिले, सालटं निघालेले, आणि पदराच्या टोकात धरून ठेवले.

“किती येडं माणूस हाय तुमी,” ती म्हणाली.

“मले भेव वाटते, अन्नपूर्णा.”

“मलेही वाटते.” हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं. “तुमची आई गेली ते मी ऐकलं होतं. हसत होतो म्हणून काय झालं. पण तुमी एकटे गेले तं मी त्या खामगावात बसून काय करू? टिव्ही पाहू?”

पावसानं जोर धरला आणि अंगणातलं पाणी त्यांच्या पायांवरून वाहू लागलं.

“उठा,” ती म्हणाली. “मराचंच असंल तं कोरड्यात मरू.”

ती भिंतीला धरून उठली आणि तिनं उंबऱ्यावर पाय ठेवण्यासाठी उचलला. रंगरावांनी तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. ती थांबली. तिला वाटलं पुन्हा अडवतात. पण त्यांनी तिचा हात घट्ट धरला, आणि पहिला नंबर आपलाच लागावा म्हणून तिच्याआधी स्वतः उंबरा ओलांडला.